कॉम्प्युटरचा डेस्कटॉप पहिल्यांदा हाताळताना : माउस, खिडक्या, फाईल आणि मराठी टायपिंग

मोबाईल सराईतपणे चालवणारी माणसं कॉम्प्युटरसमोर बसली की बावरतात, हे घरोघरी दिसतं. व्हॉट्सॲप येतं, यूट्यूब येतं, यूपीआयनं पैसे पाठवता येतात. पण माउस हातात दिला की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि माणूस म्हणतो, "राहू दे बाबा, काहीतरी बिघडायचं." मग शेतीचा उतारा असो, उत्पन्नाचा दाखला असो की पोराचा स्कॉलरशिपचा अर्ज, दरवेळी नेट सेंटर गाठायचं. आपली कागदपत्रं दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायची आणि तो काय करतोय ते मागं उभं राहून बघायचं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना यात एक जादाची अडचण असते. राज्य बदललं की पोर्टल बदलतं आणि पोर्टलची भाषाही बदलते. कर्नाटकात सेवा सिंधू, गुजरातमध्ये डिजिटल गुजरात, मध्य प्रदेशात समग्र. सगळ्यांची मांडणी वेगळी. पण ज्या टेबलावर बसून हे काम करायचं, तो डेस्कटॉप बेळगावात, बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत एकसारखाच आहे. तो एकदा हाताखाली आला की पोर्टल कुठल्याही भाषेत असो, निम्मी भीती जाते.

खालची माहिती विंडोज ११ धरून लिहिली आहे. तुमच्याकडे विंडोज १० किंवा लिनक्स असेल तर बटणांच्या जागा जरा इकडंतिकडं होतील, बाकी कल्पना त्याच.

हे टेबल आलं कुठून

आधी कॉम्प्युटरला हुकूम टाईप करून सोडावे लागत. नव्वदीच्या दशकात क्लासला गेलेल्यांना काळ्या पडद्यावरचा तो लुकलुकणारा 'सी प्रॉम्प्ट' आठवत असेल. एक स्पेलिंग चुकलं की मशीन 'बॅड कमांड' म्हणून मोकळं. त्याऐवजी पडद्यावर चित्रं असावीत आणि ती बोटानं दाखवल्यासारखी निवडता यावीत, ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जाहीरपणे चालवून दाखवला. तो पहिला माउस लाकडी खोक्याचा होता आणि खाली दोन चाकं होती.

पुढं कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. आपण 'दोन झेरॉक्स काढ' म्हणतो ना, तीच ही झेरॉक्स. कागद आणि ऑफिस हाच त्यांचा धंदा, त्यामुळं कॉम्प्युटरचा पडदाही त्यांना ऑफिसच्या टेबलासारखा दिसला : वर कागद पसरलेले, बाजूला फायली. १९८१ साली त्यांनी 'स्टार' बाजारात आणला, त्यात ही टेबलाची कल्पना पुरती उतरली होती. १९८४ च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश आला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५. खालची पट्टी आणि स्टार्टचं बटण ही विंडोज ९५ ची देणगी.

इतिहास सांगायचं कारण एवढंच, की ही सगळी एका टेबलाची नक्कल आहे. टेबलावरचा कागद हलवला, पालथा घातला, खणात टाकला तर टेबल मोडत नाही. नुसतं इकडंतिकडं क्लिक करून कॉम्प्युटर बिघडत नाही. बिघडतं ते न वाचता 'येस', 'येस' दाबत गेल्यानं. त्यामुळं चौकट आली की ती काय विचारतेय ते आधी वाचायचं. नाही समजलं तर 'कॅन्सल'. कॅन्सलनं सहसा कुणाचं नुकसान होत नाही.

माउस : एकदा की दोनदा?

शिकणाऱ्याचा पहिला गोंधळ इथंच. डावं बटण कधी एकदा दाबायचं आणि कधी दोनदा? ढोबळ नियम असा : डेस्कटॉपवरची आणि फोल्डरमधली चित्रं, म्हणजे आयकॉन, उघडायला दोनदा. बाकी जवळजवळ सगळीकडं एकदा. बटण, मेन्यू, खालच्या पट्टीवरची चित्रं, वेबसाइटवरची लिंक, या सगळ्यांना एकच क्लिक पुरतो. वेबसाइटवरच्या 'सबमिट'वर सवयीनं दोनदा दाबणारे बरेच असतात, आणि मग कधीकधी अर्जही दोनदा जातो.

दोनदा दाबताना हात हलतो हे वयस्कर मंडळींचं कायमचं दुखणं. पहिला क्लिक आयकॉनवर, दुसरा दोन बोटं पलीकडं. यावर साधा उपाय आहे. आयकॉनवर एकदा क्लिक करायचं आणि कीबोर्डवरचं एंटर दाबायचं. काम तेच होतं. दोन क्लिकमधला वेळही सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावरून वाढवता येतो. तिथंच डाव्या हाताच्या माणसांना बटणांची अदलाबदल करता येते, आणि ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर बाण मोठा आणि रंगीतही करता येतो. साठीच्या पुढच्या माणसाला शिकवायला बसलात तर आधी बाण मोठा करा, मग शिकवा.

उजवं बटण म्हणजे 'याचं काय काय करता येईल?' हा प्रश्न. ज्या वस्तूवर दाबाल तिच्यापुरती यादी उघडते. उघडलेली यादी नको असेल तर बाहेर रिकाम्या जागी एकदा डावं बटण, किंवा एस्केप.

बाणाचा आकार बदलतो तिकडं लक्ष ठेवा. उभी रेघ झाली म्हणजे इथं लिहिता येतं. हाताचा पंजा झाला म्हणजे ही लिंक आहे. गोल फिरतंय म्हणजे मशीन कामात आहे, पुन्हा पुन्हा दाबू नका. दाबलंत तर तेवढ्याच खिडक्या उघडतील.

राहिलं ओढणं, म्हणजे डावं बटण दाबून धरून वस्तू सरकवणं आणि हव्या जागी बटण सोडणं. हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला, आणि पत्ते ओढून ठेवता ठेवता जगभरच्या कारकुनांचा हात माउसवर बसला. आजही नवशिक्याला पहिले दोन दिवस पत्ते खेळू द्यावेत असं माझं मत आहे. घरचे हसतील, हसू देत.

लॅपटॉपवर माउस नसेल तर खालच्या चौकोनी पट्टीवर एक बोट फिरवलं की बाण हलतो, दोन बोटं वरखाली नेली की पान सरकतं आणि दोन बोटांनी एकदा टेकवलं की उजवं बटण दाबल्याचं काम होतं.

खिडक्या

जो प्रोग्राम उघडाल तो आपल्या चौकटीत उघडतो. तीच विंडो. तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. आडवी रेघ म्हणजे खिडकी खाली पट्टीवर ठेवणं, चौकोन म्हणजे पडदाभर मोठी करणं किंवा परत लहान करणं, आणि फुली म्हणजे बंद. आडवी रेघ दाबली की खिडकी गायब होते आणि नवा माणूस घाबरतो. ती बंद झालेली नसते. खालच्या पट्टीवर तिच्या चित्राखाली बारीक रेघ दिसत असते, त्यावर क्लिक केलं की परत वर येते.

एकावर एक पाच खिडक्या झाल्या की खालची हरवते. तेव्हा ऑल्ट दाबून धरून टॅब दाबायचं. उघड्या सगळ्या खिडक्यांची छोटी चित्रं दिसतात, टॅब दाबत हवी तिथं जायचं आणि ऑल्ट सोडायचं. सगळं बाजूला सारून मोकळा डेस्कटॉप बघायचा असेल तर विंडोजचं बटण आणि डी. या विषयात याहून जास्त काही नाही.

फाईल कुठं गेली?

खरं शिक्षण इथून सुरू होतं, आणि मोबाईलवरून आलेला माणूस नेमका इथंच अडकतो. मोबाईलनं फाईल ही गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवलेली असते. फोटो गॅलरीत 'असतो', चिठ्ठी व्हॉट्सॲपमध्ये 'असते'. नेमकी कुठल्या जागी, हे विचारायची वेळच येत नाही. कॉम्प्युटरवर मात्र प्रत्येक फाईलला घराचा पत्ता असतो, आणि तो तुम्हाला ठाऊक हवा. नेट सेंटरमध्ये तासाभरात एकदा तरी हे वाक्य ऐकू येतं : "आत्ता तर केली होती वो, कुठं गेली?"

माझी मावशी निवृत्त शिक्षिका. महिला मंडळाचा वर्षाचा अहवाल तिनं दोन दुपारी खपून टाईप केला आणि फुली दाबली. मशीननं विचारलं, सेव्ह करायचं का? तिला वाटलं आता लिहून झालंय, अजून कशाला काही करायचं, म्हणून तिनं 'डोन्ट सेव्ह' दाबलं. दोन दुपारी गेल्या. यात तिचं काय चुकलं? कागदावर लिहिलेलं कागदावर राहतंच, वेगळं 'ठेवावं' लागत नाही. कॉम्प्युटरमध्ये टाईप करत असलेला मजकूर आधी तात्पुरत्या स्मृतीत असतो. सेव्ह केल्यावर तो डिस्कवर उतरतो. लाईट गेली की स्मृतीतलं जातं, डिस्कवरचं राहतं. म्हणून चार ओळी झाल्या की कंट्रोल आणि एस. हाताला ही सवयच लावून घ्यायची. तुमच्या पडद्यावर इंग्रजी असो, 'जतन करा' असं मराठी असो की कन्नड, कंट्रोल आणि एस बदलत नाही.

पहिल्यांदा सेव्ह करताना मशीन दोन गोष्टी विचारतं : नाव काय आणि ठेवायचं कुठं. बहुतेक जण नाव देतात आणि जागा न बघता एंटर दाबतात. पुढचा सगळा शोध त्या एका एंटरमुळं. वरच्या किंवा डाव्या बाजूला जागेचं नाव दिसतं : डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स. ते तोंडानं म्हणा आणि मग सेव्ह दाबा. इंटरनेटवरून उतरवलेलं सहसा डाउनलोड्समध्ये जातं. ब्राउझर उघडा असेल तर कंट्रोल आणि जे दाबल्यावर उतरवलेल्या सगळ्यांची यादी येते.

फाईल कुठं आहे ते बघायचं साधन म्हणजे फाईल एक्सप्लोरर. खालच्या पट्टीवरचं पिवळ्या फोल्डरचं चित्र, किंवा विंडोजचं बटण आणि ई. डॉक्युमेंट्समध्ये घरच्या प्रत्येक माणसाच्या नावाचं एक फोल्डर करा. उजवं बटण, न्यू, फोल्डर, झालं. त्याच्या आत 'शाळा', 'जमीन', 'बँक' अशी. फोल्डरमध्ये फोल्डर, ट्रंकेत पिशवी आणि पिशवीत पाकीट असावं तसं. फायलींना 'स्कॅन ००१' अशी आलेली नावं ठेवू नका. उजवं बटण आणि रिनेम, किंवा एफ२. नावात तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि महिना-दिवस नेहमी दोन अंकी. म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. पोर्टलवर चढवायच्या फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावीत. काही सरकारी पोर्टलं देवनागरी नावाची फाईल घेत नाहीत.

आता मावशीचाच दुसरा किस्सा. पुढचा अहवाल तिनं नीट सेव्ह केला, डेस्कटॉपवरून पेन ड्राइव्हवर ओढला आणि मंडळात घेऊन गेली. तिथं उघडेचना. मला फोन, "अरे, चित्र दिसतंय पण आत काही नाही!" चित्राच्या कोपऱ्यात बारीक वाकडा बाण होता. म्हणजे ती फाईल नव्हतीच, तो शॉर्टकट होता. शॉर्टकट म्हणजे घराचा नुसता पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन गावाला गेलं म्हणून घर बरोबर येत नाही. पेन ड्राइव्हवर काही नेताना कोपऱ्यात बाण आहे का ते बघा, आणि नेल्यावर ती फाईल पेन ड्राइव्हमधूनच एकदा उघडून बघा. पेन ड्राइव्ह काढताना उजवं बटण दाबून 'इजेक्ट', मगच ओढा.

कॉपी आणि कट यांतला फरक साधा आहे. कंट्रोल आणि सी केलं तर मूळ जागी एक राहते आणि नव्या जागी दुसरी होते. कंट्रोल आणि एक्स केलं तर मूळ जागची जाते. दोन्हींनंतर नव्या जागी जाऊन कंट्रोल आणि व्ही. कागदपत्रांच्या बाबतीत नवशिक्यानं कट वापरूच नये. चुकलंच काही, तर कंट्रोल आणि झेड. शेवटची कृती मागं फिरते, मग ते पुसलेलं वाक्य असो की भलत्या फोल्डरमध्ये पडलेली फाईल. सगळ्या शॉर्टकटांत आधी शिकवायचा असेल तर हाच. 'बिघडेल' ही भीती यानं जाते.

डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जातं, तिथून 'रिस्टोर' करून परत आणता येतं. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं मात्र सहसा बिनमध्ये जात नाही, थेट जातं. तिथं जपून.

अर्जाचा फोटो आणि 'फाईल टू लार्ज'

पोर्टल म्हणतं, फोटो जेपीजी हवा, अमुक केबीच्या आत. तुमच्या मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा. एक एमबी म्हणजे १०२४ केबी, तेव्हा फोटो कितीतरी पट मोठा आहे. फाईल केवढी आहे ते कळायला तिच्यावर उजवं बटण आणि प्रॉपर्टीज. लहान करायला विकतचं काही लागत नाही. विंडोजमधल्या पेंटमध्ये फोटो उघडा, रिसाइझ घ्या, टक्के शंभरच्या जागी तीस घाला, आणि 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी म्हणून नव्या नावानं ठेवा. 'सेव्ह ॲज' आणि नवं नाव, हे महत्त्वाचं. नुसतं सेव्ह केलंत तर मूळ मोठा फोटो गेला. परत प्रॉपर्टीज बघा, अजून मोठा असेल तर अजून थोडा लहान करा.

फाईलच्या नावामागं टिंब देऊन जी अक्षरं येतात, जेपीजी, पीडीएफ, डॉक्स, ती तिचा प्रकार सांगतात. विंडोज ही अक्षरं लपवून ठेवतं. फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा म्हणजे दिसू लागतील. याचा एक फायदा सुरक्षेचा आहे. लग्नपत्रिका किंवा बिल म्हणून आलेल्या फाईलचं शेपूट 'ईएक्सई' असेल तर ती पत्रिका नाही, प्रोग्राम आहे, उघडू नये. आणि नुसती अक्षरं बदलून प्रकार बदलत नाही, हेही लक्षात असू द्या. फोटोच्या नावापुढं पीडीएफ लिहिल्यानं तो पीडीएफ होत नाही. त्यासाठी फोटो उघडून कंट्रोल आणि पी करा, प्रिंटरच्या यादीतून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. कागद बाहेर पडत नाही, पीडीएफ फाईल तयार होते.

मराठी टायपिंग : एक कीबोर्ड, अनेक भाषा

जुन्या फायलींची गंमत अनेकांनी बघितली असेल. वीस वर्षांपूर्वी प्रेसमध्ये टाईप केलेली स्मरणिका आज उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत आतून वेगळेच संकेत असत, देवनागरी नुसती वरून दिसायची. तो फॉन्ट मशीनवर नसला की सोंग उघडं पडतं. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे सगळीकडं 'क'. पोर्टलवर, ईमेलमध्ये, मोबाईलवर, कुठंही तोच. आज नव्यानं शिकणाऱ्यानं युनिकोडच शिकावं, जुन्या फॉन्टच्या वाटेला जाऊ नये.

त्यासाठी सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ॲड अ लँग्वेज, आणि यादीतून मराठी. झालं. मग विंडोजचं बटण दाबून धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. खालच्या उजव्या कोपऱ्यात सध्या कुठली भाषा आहे ते दिसतं. पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर आधी तिकडं बघा.

मराठीत दोन वाटा. एक फोनेटिक, इंग्रजी स्पेलिंगनं उच्चार लिहायचा आणि देवनागरी उमटते. लगेच जमते, पण इंग्रजी अक्षरांवर अवलंबून राहते. दुसरी इनस्क्रिप्ट, भारत सरकारनं १९८० च्या दशकात प्रमाण ठरवलेला कीबोर्ड. शिकायला पंधरा दिवस लागतात, आणि माझ्या मते सीमाभागातल्या माणसानं हीच वाट धरावी. कारण सांगतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आणि हीच मांडणी कन्नड, गुजराती, तेलुगू, हिंदी सगळ्यांना सारखी. 'क' के वर आहे तर कन्नडचा 'क' पण के वरच, तेलुगूचाही तिथंच. 'कमळ' लिहायला के, सी आणि शिफ्टसह एन. कन्नडमध्ये 'कमल' लिहायला के, सी, एन, फक्त भाषा बदलून. शाळेत कन्नड आणि घरी मराठी असलेल्या पोराला, किंवा बडोद्यात दुकानाची पाटी गुजरातीत आणि पत्र मराठीत लिहिणाऱ्याला, एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा आल्या. कोकणी देवनागरीत लिहिणाऱ्या गोव्यातल्या वाचकालाही वेगळं काही शिकावं लागत नाही.

अक्षरं उच्चाराच्या क्रमानं टाईप करायची. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण टाईप करायची 'क' नंतर. जुन्या टाईपरायटरवर हात बसलेल्यांना हे सुरुवातीला खटकतं. जोडाक्षराला मध्ये डी, म्हणजे हलन्त. 'नमस्कार' : व्ही, सी, एम, डी, के, ई, जे.

आणि आपल्या मराठीचं खास अक्षर, दऱ्याखोऱ्यांतला 'ऱ'. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. साधा 'र', हलन्त आणि 'य' दिलं तर 'र्य' होतं. शिफ्टसह जे, मग हलन्त, मग 'य' दिलं तर 'ऱ्य'. हिंदी कीबोर्डची सवय असलेल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना हे माहीत नसतं, म्हणून त्यांच्या मजकुरात 'दुसर्या' दिसतो. की तीच आहे, शिफ्ट धरायचं एवढंच.

दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर

घरी कॉम्प्युटर नसेल तर नेट सेंटर चुकत नाही. पण तिथून उठताना काय मागं राहतं ते माहीत हवं. मी एका दुकानात प्रिंट काढायला गेलो तर समोरच्या डेस्कटॉपवर ओळीनं अनोळखी माणसांची आधार कार्डं, पॅन कार्डं, पासबुकाची पानं. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, कुणी पुसलंच नव्हतं. मालकांनाही नव्हतं ठाऊक की आपली फाईल तिथं राहिली आहे.

फाईल उघडून प्रिंट काढली की डाउनलोड्समध्ये जा, आपली फाईल निवडा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. असं केलं की ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी वापरली तर पासवर्ड आणि इतिहास मागं राहत नाही, पण उतरवलेली फाईल मात्र राहते. ती हातानंच पुसावी लागते. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर घरी गेल्यावरही मोबाईलच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून ते बंद करता येतं. दुकानाच्या नंबरवर आधार पाठवलंत तर ते त्यांच्या फोनमध्ये राहिलं असं धरा. जिथं चालेल तिथं मास्क्ड आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. हा पासवर्ड कुणालाही काढता येण्यासारखा आहे, तेव्हा पासवर्ड आहे म्हणून फाईल तशीच सोडून उठू नका.

पडदाभर लाल चौकट येऊन 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं झळकलं, भोंगा वाजला, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. ऑल्ट आणि एफ४ नं खिडकी बंद होते. नाहीच झाली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि 'एंड टास्क'. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवा, तो सगळ्या राज्यांत एकच आहे.

जुनं मशीन असेल तर

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण सुरक्षेची डागडुजी थांबते. बरीच जुनी मशीनं विंडोज ११ घेत नाहीत. ती भंगारात घालण्याआधी लिनक्स मिंट बसवून बघायला हरकत नाही. फुकट आहे, खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, तशाच खिडक्या. इनस्क्रिप्ट तिथंही तसंच चालतं. बसवायला मात्र जाणकार माणूस बरोबर घ्या आणि आधी सगळ्या फायली दुसरीकडं काढून ठेवा.

बंद करण्याबद्दल एक बारीक गोष्ट. मशीन अडखळायला लागलं तर 'शट डाउन'पेक्षा 'रिस्टार्ट' करा. विंडोज शट डाउन करताना पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून थोडी आधीची स्थिती जपून ठेवतं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. भिंतीवरचं बटण थेट बंद करणं हा मात्र शेवटचाच उपाय.

आणि शिकवणाऱ्यांना विनंती : शिकणाऱ्याच्या हातातून माउस काढून घेऊ नका. "थांब, मी करून दाखवतो" म्हटलं की शिकणं तिथंच संपतं. हात मागं बांधा, तोंडानं सांगा. पहिल्या आठवड्यात एवढंच काम द्या : स्वतःच्या नावाचं फोल्डर करायचं, त्यात चार ओळींचं मराठी पत्र लिहून ठेवायचं, मशीन बंद करायचं. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता तेच पत्र शोधून उघडायचं, एक ओळ वाढवायची, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि शेजारच्या मशीनवर उघडून दाखवायचं.